ढब्बूची बाजू

मी एक जुनी सोनोग्राफीची मशीन आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या बटणांवरची अक्षरं बोटं लागून लागून पुसली गेली आहेत, एवढ्यावरून काय ते ओळखा. सध्या माझा मुक्काम रुग्णालयाच्या तळमजल्यावर, शिकाऊ परिचारिकांच्या खोलीत आहे. तिथे टेबलावर एक रबराचं पोट ठेवलेलं असतं. त्यावर माझा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाची पोटावर टेकवायची मूठ, फिरवून मुली हात बसवतात. रबराच्या पोटात रबराचंच बाळ. ते कधी हलत नाही, त्याला उचकी लागत नाही, ऐन मोजमापाच्या वेळी ते पाठ फिरवत नाही. आयुष्यभर जिवंत माणसांत वावरलेल्या मला ही भातुकली कशी गोड लागावी? पण कुरकुर करायची नाही असं मी ठरवलं आहे. माझं मागचं चाक करतं, त्याला माझा इलाज नाही.

मित्रांनो, माझी कहाणी मी सांगणारच आहे, पण खरं सांगू? मला माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाची तरी बाजू मांडायची आहे. असं एक बाळ, ज्याच्यावर आळ आला आणि ज्याला उत्तर द्यायला तोंडच मिळालं नाही.

माझा जन्म एका मोठ्या पांढऱ्या कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही सापडत नसे. डगले घातलेल्या माणसांनी माझ्या तारा जोडल्या, मला तपासलं, पुन्हा तपासलं, आणि खोक्यात भरून पाठवून दिलं. पोटाच्या आतलं बघायला डोळे उपयोगाचे नाहीत. मी आवाजाने बघते. तुम्हाला ऐकू येणार नाही असा आवाज मी पोटात पाठवते. तो आतल्या अवयवांवर आपटून परत येतो आणि कुठून किती वेळाने परत आला यावरून मी पडद्यावर चित्र उभं करते. विहिरीत डोकावून हाक मारली की ती परत येते ना, तसंच काहीसं.

मी आले तेव्हा मला बघायला सगळं रुग्णालय लोटलं होतं. "काय स्वच्छ चित्र आहे!" "बोटं मोजता येतायत की हो!" अशी वाहवा झाली. नव्याचे नऊ दिवस सरले आणि मी कामाला लागले. माझ्यावर काम करायच्या त्या डॉक्टरबाईंचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला असायचा, आणि तो गळ्यात असतानाच त्या खोलीभर "माझा चष्मा कुठे गेला?" म्हणून शोधत फिरायच्या. काखेत कळसा अन् गावाला वळसा. पण एकदा तो डोळ्यांवर चढला की मग त्यांच्या नजरेतून तीळभरही काही सुटत नसे. त्यांची एक पद्धत होती. आधी गप्प राहून सगळं मोजायचं. मोजून झालं की बोलायचं. आणि तपासायला आलेली बाई उठून जायच्या आधी, शेवटी, माझा आवाज मोठा करून तिला बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवायचे. घोडा दौडत यावा तसा तो आवाज खोलीत घुमायचा. कितीतरी आया तो ऐकून रडल्या, कितीतरी हसल्या. एकीने तर मलाच नमस्कार केला होता.

आता जुळ्यांचं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आईच्या पोटात बाळाला रक्त आणि अन्न पोचवणारी एक जाडसर चकती असते, तिला वार म्हणतात. बाळ नाळेने वारेला जोडलेलं असतं. पुष्कळ जुळ्यांची वार वेगवेगळी असते. पण काही जुळी एकाच वारेवर वाढतात. नाळा दोन, वार एक, आणि दोघांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा. अशा वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. बहुतेक वेळा देणंघेणं बरोबरीचं राहतं आणि काही बिघडत नाही. काही वेळा मात्र एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं आणि तेवढं परत येत नाही. म्हणून एकाच वारेवरची जुळी दिसली की डॉक्टरबाई त्या आईला दर पंधरवड्याला बोलवायच्या आणि ती आली नाही तर स्वतः फोन करून रागवायच्या.

तशीच ती एक आली. ती धान्याच्या दुकानात काट्यावर होती. वजन करून द्यायचं, हे तिचं काम. नवरा भिंती रंगवायचा. त्याच्या नखांतला रंग कधी निघालेला मी पाहिला नाही. त्यानेच डॉक्टरबाईंना बायकोचं कौतुक सांगितलं होतं. "मालकाने हात आखडता घे म्हणून खुणावलं ना, तर ही त्याच्या डोळ्यांदेखत मूठभर जास्त टाकते. मापात पाप नको म्हणते."

"मग, नकोच," ती पडल्या पडल्या म्हणाली.

दोन बाळं आहेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रंगारी स्टुलावर मट्‌कन बसला आणि म्हणाला, "म्हणजे एक दिवसपाळी आणि एक रात्रपाळी. आपली झोप गेलीच म्हणायची!" ती एवढी हसली की माझं चित्र हलायला लागलं. एक बाळ थोडं मोठं होतं आणि सारखं कोलांट्या घ्यायचं. दुसरं जरा लहान, कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेलं. रंगाऱ्याने लगेच नावंही ठेवली. मोठं ते ढब्बू आणि लहान ते पिटुकलं. शेवटी दोघांचे ठोके ऐकवले गेले. ढब्बूचे, मग पिटुकल्याचे. ती डोळे मिटून ऐकत होती. दोन्ही पारडी सारखी भरल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो ना, तसा तिचा झाला होता.

पाचव्या महिन्यात ती आली तेव्हा तिला धड उताणं झोपता येईना. पोट एकाएकी वाढलं होतं, श्वास पुरत नव्हता, आणि पायांत चपला शिरत नव्हत्या म्हणून नवऱ्याच्या घालून आली होती. बरोबर सासूबाई होत्या. डॉक्टरबाईंनी चष्मा लावला आणि मोजायला सुरुवात केली. त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा खूप वेळ गप्प राहिल्या. सासूबाईंनी दोनदा घसा खाकरून पाहिला, तरी त्या बोलल्या नाहीत.

मी काय दाखवत होते ते सांगते. ढब्बूभोवती पाणीच पाणी झालं होतं, नको तितकं. आणि पिटुकल्याभोवतीचं पाणी जवळजवळ संपलं होतं. मधला पडदा ओल्या कपड्यासारखा त्याच्या अंगाला घट्ट लपेटला गेला होता आणि ते गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून राहिलं होतं. हातपाय हलवायला जागा नाही. त्याच्या पोटात लघवीची पिशवी दिसायला हवी, काळ्या ठिपक्यासारखी. ती दिसत नव्हती.

डॉक्टरबाई बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी एका कागदावर वार काढून दाखवली, वाहिन्या काढल्या, बाण काढले. "लहान्याचं रक्त या वाटांनी मोठ्याकडे जातंय," त्या म्हणाल्या. "म्हणून याला कमी पडतंय."

"म्हणजे मोठं त्याचं घेतंय," ती म्हणाली.

"घेत नाहीये. त्याच्याकडे येतंय."

"एकच झालं ना?"

"एक नाही झालं." डॉक्टरबाईंनी प्रोब सरकवला आणि ढब्बूचं हृदय पडद्यावर मोठं करून दाखवलं. "हे बघा. याच्या हृदयाच्या भिंती जाड झाल्यात. दोघांचं सामान एकट्याने उचलून जिना चढत असल्यासारखं झालंय याचं. जे येतंय ते यालाही झेपत नाहीये. दोघंही संकटात आहेत."

पण तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. तिने पाहायचं ते आधीच पाहिलं होतं: एक बाळ ऐसपैस, एक बाळ चेपलेलं. आयुष्यभर काट्यावर बसलेल्या बाईला आणखी काय दाखवायचं?

"पोटात असल्यापासून भावंडाचं ओरबाडतंय," सासूबाई म्हणाल्या. "पुढे काय दिवे लावणार आहे!"

मित्रांनो, सासूबाई वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं, आणि ढब्बू उलटून बोलणार नव्हतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं तुम्ही ऐकलं असेल. माझं चित्र खरं होतं. त्याच्यावरून दिलेला निवाडा खोटा होता. दोन्ही एकाच पडद्यावर होतं आणि मला ते वेगळं करून सांगता येत नव्हतं.

उठायच्या आधी डॉक्टरबाईंनी नेहमीप्रमाणे ठोके ऐकवायला माझं बटण फिरवलं. ढब्बूचे ठोके खोलीत घुमले. लगेच ती म्हणाली, "नको. मोठ्याचं नको. लहान्याचं ऐकवा."

डॉक्टरबाईंनी आवाज बंद केला. लहान्याचे ठोके लावले. ते जेमतेम ऐकू येत होते, आणि ती मान वर करून, श्वास रोखून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. ते इतके उंच की दारातून वाकूनच आत यायचे, आणि बोलताना खुर्ची ओढून बसायचे, म्हणजे पडलेल्या माणसाला मान वर करावी लागू नये. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. पोटात बारीक नळी घालून, आतून बघत, त्या मधल्या वाटा लेझरने बंद करता येतात. तसं केलं तर निम्म्याहून जास्त वेळा दोन्ही वाचतात. काही वेळा एकच वाचतं. काही वेळा एकही नाही.

"आणि वाचलेलं बाळ पुढे नीट असतं ना?" रंगाऱ्याने विचारलं. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नव्हता.

"बहुतेक असतात. सगळीच नाही. मी खोटं वचन देणार नाही."

तिने हात जोडले. "डॉक्टर, एकच वाचणार असेल तर लहान्याला वाचवा."

"ताई, मी निवडत नाही," ते म्हणाले. "निवडताही येत नाही. मी फक्त मधल्या वाटा बंद करतो. मग जो तो आपापल्या वाट्यावर जगतो."

"चालेल," ती म्हणाली. "मग कळेल मोठ्याला."

तिला शस्त्रक्रियेसाठी नेईपर्यंत मी तिच्या खाटेशेजारीच उभी होते. ती पोटावर हात ठेवून हळू आवाजात बोलत होती. "पिटुकल्या, थोडी कळ काढ हं. आता होईलच सगळं नीट." आणि मग आवाज बदलून, "ढब्बू, पुरे झालं तुझं आता. त्याच्यासाठी ठेव काहीतरी." घरात मोठ्या मुलाला दटावतात ना, तसंच. तिचा जीव टांगणीला लागला होता, हे मला दिसत होतं. तरी ते ऐकून मला फार वाईट वाटलं. कारण माझा प्रोब त्या वेळी ढब्बूवर होता, आणि त्याचं हृदय कसं झगडत होतं ते मला माहीत होतं.

शस्त्रक्रियेत नळी कुठून घालायची, वार कुठे आहे, बाळं कुठे आहेत, हे सगळं मी दाखवायचं असतं. माझ्यावर पातळ निर्जंतुक पिशवी चढवली. खोलीतले दिवे मंद केले. पेन्सिलीहूनही बारीक नळी आत गेली आणि तिच्या टोकावरच्या कॅमेऱ्यातून वार दिसायला लागली, लाल, चकचकीत, वाहिन्यांनी भरलेली. उंच डॉक्टर एकेक वाहिनी शोधत होते. ही इकडची, ही तिकडची, आणि ही दोघांमधली. दोघांमधली सापडली की लेझरचा एक झोत, आणि ती पांढरी पडून बंद. मग पुढची. मधेच ढब्बूचा इवलासा हात नळीसमोर आडवा आला. बोटं पसरलेली, जणू काय चाललंय ते चाचपायला. उंच डॉक्टर थांबले. "बाजूला हो बाळा," ते पुटपुटले. सगळी खोली त्या हातासाठी थांबली होती. थोड्या वेळाने हात निघून गेला आणि काम पुढे सुरू झालं. शेवटी ढब्बूभोवतीचं जास्तीचं पाणी काढून टाकलं, आणि ती आई कितीतरी दिवसांनी खोल श्वास घेऊ शकली.

दुसऱ्या दिवशी पिटुकल्याच्या पोटात एक काळा ठिपका दिसला. लघवीची पिशवी! म्हणजे त्याला पुरेसं रक्त मिळायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा रंगाऱ्याने टाळ्याच वाजवल्या. "अगं, शू केली म्हणे त्याने! आयुष्यात कुणाच्या शूचं एवढं कौतुक केलं नव्हतं मी!" सासूबाईंनी डोळे पुसले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरबाई मात्र ढब्बूच्या हृदयावर थांबल्या होत्या. ओझं उतरलं होतं, पण खूप दिवस ओझं वाहिलेलं ते हृदय थकून गेलं होतं. "मोठ्याच्या हृदयाची मला काळजी आहे," त्या म्हणाल्या. आनंदाच्या गडबडीत ते कोणाच्या कानात शिरलं नाही. त्या दिवसांत त्या ढब्बूचे ठोके आवाज बंद ठेवून, नुसत्या पडद्यावर मोजायच्या.

पुढच्या तपासणीला ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बरंच तेज आलं होतं. झोपताना ती स्वतःच बोलली. "डॉक्टर, आज दोघांचं ऐकवा. आधी मोठ्याचं. आता दोघांना आपापलं मिळतंय, मग कशाला धरून बसायचं? रात्री मी त्याच्याशी बोललेसुद्धा. म्हटलं, जाऊ दे, झालं गेलं."

डॉक्टरबाईंचा प्रोब ढब्बूवरच होता. त्या गप्प होत्या. मोजायचं काही उरलं नव्हतं, तरी त्या गप्प होत्या.

"ऐकवा ना," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. मग तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. मोठ्याचं हृदय थांबलं होतं. लहान्याचं नीट चालू होतं. मधल्या वाटा बंद झाल्या होत्या, म्हणूनच एकाच्या जाण्याचा धक्का दुसऱ्याला बसला नव्हता. हे त्यांनी फार सावकाश, दोन-दोनदा सांगितलं.

ती रडली नाही. ती माझ्या पडद्याकडे बघत होती. आता बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मागच्या वेळचं काही साठवलंय का तुम्ही? त्याचे ठोके?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

का नाही, ते तिने विचारलं नाही. ते तिला ठाऊक होतं.

मित्रांनो, माझ्या आत किती आवाज होते! पण जो तिला हवा होता तो माझ्याकडे नव्हता. एवढं लाचार मला कधी वाटलं नाही, आता रबराच्या पोटाशेजारी उभं राहतानाही वाटत नाही.

त्यानंतरचे महिने तिने दोघांना पोटात वागवलं, एक वाढणारं आणि एक शांत. भेटायला येणारे म्हणायचे, "एक तरी वाचलं, नशीब म्हणा." सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "त्याने भावंडाचं खाल्लं हो, म्हणून पचलं नाही त्याला." मी त्या खोलीत असतानाच हे दोनदा ऐकलं. ती तेव्हा काही बोलायची नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची.

पिटुकलं महिनाभर आधीच आलं. मुलगी होती. म्हणजे दोघी मुलीच होत्या, अगदी एकसारख्या. पिटुकलीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिच्या डोक्यात सगळं ठीक आहे ना हे बघायला मला ढकलत तिकडे नेलं, आणि माझ्या चाकाच्या आवाजाने सगळ्या परिचारिकांनी ओठांवर बोटं ठेवली. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते, तिच्यातून मला आत बघता येतं. डॉक्टरबाईंनी प्रोब हलकेच टेकवला. सगळं ठीक होतं.

आई मात्र पेटीपासून दोन हात लांब उभी होती.

"हात लावा ना," परिचारिका म्हणाली. "तुमचीच आहे."

"मी हिला मागितलं होतं," ती म्हणाली. "आणि हीच मिळाली."

डॉक्टरबाईंनी वळून पाहिलं. "तुमच्या मागण्याने काही झालेलं नाही. मोठीचं हृदय आधीच दमलं होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

ती मान हलवत राहिली, लोक पटलं नसताना हलवतात तशी. मग परिचारिकेनेच तिचा हात धरून पेटीच्या गोल खिडकीतून आत नेला, आणि पिटुकलीने तिचं बोट पकडलं. बाळं पकडतातच, त्यांना काही माहीत नसतं.

वर्षं गेली. माझं चित्र धूसर होऊ लागलं. माझ्या जागी नवी मशीन आली, आणि मला पोटदुखीवाल्यांच्या छोट्या खोलीत हलवलं. तिथले लोक मला "हा खटारा" म्हणायचे. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवी, कुणी ओला डगला वाळत टाकी. डॉक्टरबाईंचे केस पिकले होते, पण त्या आठवड्यातून एकदा त्या खोलीत बसायच्या आणि बसण्याआधी माझा पडदा आपल्या रुमालाने पुसायच्या.

एके दिवशी दुपारी ती आली. मी तिला लगेच ओळखलं. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती, बारकी, चुणचुणीत, पुढचे दात पडलेली. मुलीचं पोट वरचेवर दुखायचं म्हणून तपासायला आणलं होतं. सासूबाई थकल्या होत्या, त्या बाहेर बाकावरच बसल्या. मुलगी खाटेवर चढली, पोटावर लावायचं बुळबुळीत जेल लागताच "ई, गार!" म्हणून ओरडली, आणि मग पडद्याकडे बघत बसली.

"आईच्या पोटात असताना मी यातच दिसायचे?"

"यातच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हीच ती मशीन."

"आणि मोठी पण? मला एक मोठी बहीण होती माहितीये का तुम्हाला?" मुलगी उत्साहाने सांगू लागली. कितीदा तरी सांगून पाठ झालेलं असावं तसं. "ती माझं सगळं खायची. पोटातच. मग देवाने तिला शिक्षा केली आणि ती मेली. आजी सांगते."

डॉक्टरबाईंचा हात थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं. मीही तिच्याकडेच पाहिलं. सहा-सात वर्षं ही गोष्ट त्या घरात अशीच सांगितली गेली होती, आणि हिने एकदाही ती मोडली नव्हती. आजही ती गप्प बसली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. मुलीचं पोट तपासून झालं असतं आणि त्या घरी गेल्या असत्या.

"आजी चुकतेय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ढब्बूने तुझं काही खाल्लं नाही. तिच्याकडे ते आपोआप येत होतं. तिला नको असलं तरी येत होतं. तिला ते झेपलं नाही."

"मग तिने नको का नाही सांगितलं?"

"कशी सांगणार गं? ती एवढीशी होती."

मुलीने जरा विचार केला. "मग तू सांगायचंस ना, की तिला जास्त होतंय."

"मला कळलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही. मीच तिला रागावत होते."

"रोज?"

"रोज."

पडद्यावर मुलीची मूत्रपिंडं दिसत होती, दोन्ही निरोगी, घेवड्याच्या दाण्यांसारखी. त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"म्हणजे तिच्या बाजूने कोणीच नव्हतं?" मुलीने विचारलं.

"नव्हतं," आई म्हणाली. आणि इतक्या वर्षांनी तिला रडू कोसळलं. तिने एक हात माझ्या कडेवर टेकवला होता, पडू नये म्हणून. तिचा सगळा भार मला माझ्या पत्र्यावर जाणवत होता. डॉक्टरबाईंनी तिला थांबवलं नाही, समजावलंही नाही. त्या मुलीच्या पोटावरचं जेल पुसत राहिल्या.

मुलगी खाटेवरून उतरली. फ्रॉक सारखा केला आणि तरातरा बाहेर गेली. दार तिने उघडंच टाकलं, म्हणून तिचा आवाज आत स्पष्ट आला.

"आजी, ढब्बूने माझं काही खाल्लं नव्हतं. आईने सांगितलं. तिला तसं बोलायचं नाही आता. ती माझी बहीण आहे."

मग सासूबाईंचा थकलेला आवाज आला. "बरं बाई. नाही बोलायची." आणि थोड्या वेळाने, "ये इकडे. मागचं बटण उघडं राहिलंय तुझं."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या मशीनने शेवटी स्वतःची काळजी घ्यायला सांगायचं असतं. तेही सांगते. माझा प्रोब पुसून ठेवत जा, वायर चाकाखाली येऊ देऊ नका, आणि माझ्यावर चहाचा कप तर ठेवूच नका. पण तेवढं केलंत आणि दुसरं विसरलात, तर माझ्या आयुष्याचं काही सार्थक झालं नाही. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणाच्या वाट्याला जास्त आलेलं तुम्हाला दिसेल. कुणी चेपलेलं दिसेल. चेपलेल्याच्या मदतीला जरूर धावा. पण दुसऱ्याला चोर ठरवायच्या आधी त्याच्याही जवळ जा, आणि कान लावा.

ढब्बूचं हृदय शेवटच्या दिवसांत फार जोरात धडधडत होतं. त्या खोलीत सगळे जण होते, आणि ते ऐकलं फक्त मी.